कुटुंबाच्या निर्वाहासाठी

कर्जत, ४ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

वकीलबाई आत माझे बँकेचे उतारे वाचताहेत आणि मी बाहेर बाकावर बसून हे लिहितेय. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

सिद्धांतने अबोलीचा ताबा मागितला आहे. त्याचं म्हणणं, मी काहीच कमावत नाही, भाऊ पोसतो. उताऱ्यांतही तेच दिसतं. इंग्लंडमधल्या ज्या गृहस्थांना मी घरांचे नकाशे काढून देते, ते त्याचे पैसे आधी थेट माझ्या खात्यावर पाठवत. मधल्या बँका काही ना काही कापून घेत, वर रुपयाचा भावही कमी लावत. म्हणून तिकडेच राहणारा अनुपमदादा म्हणाला, त्यांना माझ्या इथल्या खात्यात भरू दे, तिथल्या तिथे काही लागत नाही, पुढे मी पाठवतो. पाठवताना कारण निवडावं लागतं. दादा तीन वर्षं ‘कुटुंबाचा निर्वाह’ निवडत आला. कापले जाणारे पैसे वाचले म्हणून मीही खूश होते.

अर्जात शेवटी लिहिलंय, हे खुद्द सासऱ्यांनी, म्हणजे तुम्ही, सांगितलं. तुम्ही कोर्टात येऊन खरं काय ते सांगाल का?

लोभ आहे तसा राहू द्या.

तेजश्री

शिळफाटा, खोपोली, ९ ऑगस्ट

चि. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. भाऊ बघतो म्हणण्यात कमीपणा कसला? शेजारच्या हर्षलाच्या लग्नात सिद्धांतच्या काकांनी खोचकपणे विचारलं, मुलगी परत आली, आता कसं भागतं. मी म्हटलं, अनुपम दर महिन्याला पाठवतो. त्यांचं तोंड बंद झालं. इथं बाजारातही सगळ्यांना तेच माहीत आहे. किराणावाले मालोजी गिऱ्हाइकांसमोर म्हणतात, मुलगा असावा तर दत्तोपंतांच्या अनुपमसारखा. आता त्याच लोकांत मी खोटा ठरू?

दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढतेस आणि स्वतः एका खोलीत राहतेस. इथं वरची खोली रिकामी आहे. अबोलीला घेऊन ये. आजोबांचं घर आहे म्हटल्यावर कोर्ट काय बोलणार?

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

बाबा

भिवपुरी, २९ ऑगस्ट

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही. रविवारी सिद्धांत अबोलीला फिरवून आणतो. या वेळी परत आल्यावर तिनं विचारलं, मामाचे पैसे संपले तर आपण कुठे जायचं. मी तिला नकाशा दाखवला, म्हटलं, हे आईचं काम. ती म्हणाली, पण आजोबा तर सांगतात मामाच देतो.

आता तिकडचा खातेक्रमांक मी माझ्याच नावावर घेतला आहे. अशी सोय देणाऱ्या कंपन्या आहेत. गृहस्थ त्यांच्या देशातल्या देशात भरतात, कंपनी बाजारभावाने रुपये करून इथं पाठवते, थोडं शुल्क घेते आणि दाखला देते. कारणात माझा व्यवसाय असतो. दादाच्या वाटेपेक्षा थोडं महाग पडतं. पडू दे.

पण असा दाखला एकाच महिन्याचा आहे. मागच्यासाठी दादाचं शपथपत्र आणि त्या गृहस्थांचं पत्र आलं. सिद्धांतकडे तुमचा शब्द आहे. बुधवारी, दहा तारखेला, सुनावणी आहे. वरच्या खोलीत मी येईनही, पण कमावणारी म्हणून.

माया कमी होऊ देऊ नका.

तेजश्री

भिवपुरी, ११ सप्टेंबर

ती. अनुपमदादास सा. न. वि. वि.

बाबा काल आले. सदऱ्याला कडक इस्त्री होती. वकिलांचा प्रश्न त्यांना ऐकू गेला नाही, दोनदा मोठ्यानं विचारावा लागला. मग तेही तसेच मोठ्यानं बोलले, व्हरांड्यातल्यांनीही ऐकलं. म्हणाले, मुलानं स्वतःचं काही पाठवलेलं नाही, ते हिच्याच कामाचे पैसे होते. मुलगा पाठवतो हे मीच सांगत आलो, मला तसं सांगायला आवडायचं. सिद्धांतचे काका मागच्या बाकावर होते. बाहेर पडताना बाबांनी त्यांना नमस्कार केला.

तुझं नाव तेवढं लहान झालं. समजून घे. निकाल लागेपर्यंत अबोली माझ्याकडेच राहील, असं कोर्टानं सांगितलं आहे. बाबा रात्री इथंच राहिले.

लोभ कमी करू नकोस.

तेजश्री

ता. क. आज सकाळी अबोलीला शाळेत सोडून बाबा शिळफाट्याला गेले. घरी जायच्या आधी मालोजींच्या दुकानात जाणार होते.