पप्पा, खांब खरोखर दगडाचा होता

पप्पा, माझं सगळं बदललं ते एका खांबावर टकटक केली तेव्हा. मुलाखतीला गेलो होतो, युनिव्हर्सिटीच्या जुन्या इमारतीत, जिथे बिझनेसचा तो कोर्स आहे, ज्याच्यासाठी पोरं दहावीपासूनच क्लास लावून बसतात. पायऱ्या चढलो तर समोर हा खांब, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा. मी इकडेतिकडे बघितलं आणि बोटाच्या पेरांनी वाजवून पाहिला. आवाजच नाही. पेरं मात्र सणकून दुखली. तुमचे खांब वाजायचे, पत्र्याच्या डब्यासारखे. हा वाजला नाही आणि माझ्या अंगावर काटा आला. वॉचमन लांबून ओरडला, "ओ भाऊ, काय करताय? दरवाजा इकडे आहे!" मी विचारलं, "काका, हा आतून भरीव आहे?" तो म्हणाला, "मग काय प्लायचा असणार?" त्याला काय सांगू? माझा बाप गोरेगावच्या स्टुडिओत सेटचा सुतार होता, मी आयुष्यभर प्लायचेच खांब बघितलेत, आणि अशी इमारत मागूनही खरी असते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं.

तुम्ही मला कॉलेजचा सेट दाखवायला नेलं होतंत, आठवतं? मी तिसरीत असेन. कुठल्यातरी मालिकेतलं कॉलेज. मी समोर उभा आहे, मान वर करून करून दुखायला लागलीय. कमानी, खांब, वर आयाळवाले सिंह. मी म्हणतो, "पप्पा, मी याच कॉलेजात जाणार." तुमच्या हाताखालचे सगळे खो खो हसतात. तुम्ही हसत नाही. मला हाताला धरून मागे नेता. मागे नुसत्या बल्ल्या, टेकू, वाळूच्या गोणी आणि प्लायच्या मोठमोठ्या चौकटी, प्रत्येकीच्या पाठीवर खडूने घातलेला आकडा. "बघ झिला, फुडसून कॉलेज, पाठसून लाकडां. गेल्या महिन्यात ह्यां हाटेल होतां. उद्या हास्पिटल होतलां." दुसऱ्या पोराचा हिरमोड झाला असता. मला ती मागची बाजूच जास्त आवडली. एवढं मोठं कॉलेज, आणि ते हॉटेलमधून निघालं! मी घरी येऊन आईला सांगितलं की पप्पा जादूगार आहेत. आई म्हणाली, "जादूगार आसा तर येताना मासे का हाडूक नाय?"

दुसरा दिवस सहावीतला. चाळीतल्या पोराचं नाक फोडलं म्हणून आईने मला घराबाहेर काढलं आणि तुम्ही रविवारी मला कामावर नेलंत. पुन्हा एका कॉलेजचाच सेट होता, तो उतरवायचा होता. मला वाटलं, मजा, तोडफोड! हातोडा घेतला आणि पहिल्याच चौकटीवर घातला. प्लाय फाटलं. तुम्ही आलात, हातातून हातोडा काढून घेतलात. कानफटात बसणार म्हणून मी डोळे मिटले. बसली नाही. तुम्ही फाटलेल्या जागेवर हात फिरवलात, एखाद्या जनावराला लागलं की फिरवतात तसा, आणि म्हणालात, "मोडूक कोणाकव जमता. खोलूक शिक." मग दिवसभर मला एक एक खिळा मागून ठोकून सैल करून, पुढून उपटायला लावलात. फाटलेली चौकटसुद्धा फेकली नाहीत. ठिगळ मारलंत, वर नवा आकडा घातलात, इतर चौकटींच्या रांगेत उभी केलीत. मी रडत होतो, रागाने. हाताला फोड आले होते. संध्याकाळी सगळं कॉलेज भिंतीला टेकवून ठेवलं होतं, पत्त्यांच्या कॅटासारखं, आणि ते बघून माझा राग कुठे गेला मला कळलंच नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. जेवणाच्या सुट्टीत, सेटवरच, छातीत कळ येऊन. त्यावर मी काही लिहीत नाही.

माझं डोकं तसंच तापट राहिलं, पप्पा. घाटकोपरला कॉमर्सला होतो, दुसऱ्या वर्षाला. तिथे ही भेटली. मुलुंडची. तिच्याबद्दल तुम्हाला काय सांगू, लाज वाटते. ती कॅन्टीनमध्ये उपमा खाताना आधी सगळे शेंगदाणे बाजूला काढते आणि मग शेवटी एकत्र खाते, आणि मी ते तासभर बघू शकतो, एवढंच सांगतो. तर एका सरांनी भर वर्गात टोमणा मारला, "इथे शिकायला येतोस की हिच्या मागे फिरायला?" वर्ग हसला. तिची मान खाली गेली. मी उठलो, गळ्यातलं आयकार्ड काढून सरांच्या टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. मला वाटलं, तिला अभिमान वाटेल. ती गेटवर आली आणि फाडकन म्हणाली, "तुला कोणी सांगितलं होतं रे हिरोगिरी करायला? आता सगळे मलाच बघणार. तू सुटलास, मी बसते इथे." आणि खरंच बसली. त्याच वर्गात, त्याच बेंचवर, डिग्री होईपर्यंत. मला तेव्हा राग आला होता. आता तो बेंच आठवला की वाटतं, केवढी ताकद लागली असेल त्याला.

मी मरोळला एका गोदामात लागलो. खोके भरायचे, चिकटपट्टी मारायची, टेम्पोत चढवायचे. एक दिवस तिने मला अंधेरीला एका मार्केटच्या वरच्या मजल्यावर नेलं. खाली भाजीवाले, वर कम्युनिटी कॉलेज. शिक्षण अर्धवट सोडलेल्यांसाठी, नोकरी सांभाळून शिकायचं. माझ्या एका बाजूला रिक्षावाले काका, दुसऱ्या बाजूला दोन पोरांची आई, तिची धाकटी बाकाखाली झोपलेली. मी म्हटलं, "हे काय, ही काय कॉलेजची जागा आहे?" ती म्हणाली, "ए शहाण्या, तुझं डोकं आहे की कुकर? तू आयकार्ड फेकलंस. पास झालेले पेपर कोणी फेकलेले नाहीत, त्यांची क्रेडिट अजून तुझ्या नावावर जमा आहेत. इथे डिप्लोमा कर, त्याची पण जमा होतील. मग सगळी मिळून वर नेता येतात, थेट दुसऱ्या वर्षाला. मी चौकशी केलीय." मी भाजीच्या त्या वासात उभा होतो आणि मला दिसलं काय, तर भिंतीला टेकवलेल्या चौकटी. एवढी वर्षं मी समजत होतो की मी मोडून आलो. काहीच मोडलं नव्हतं. नुसतं कोणीतरी मागे जाऊन आकडे बघायला हवे होते, आणि ती गेली.

डिप्लोमा झाला, सगळी क्रेडिट जोडून अर्ज केला आणि त्या खांबाच्या इमारतीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. आत तिघं होते. मधे पिकलेल्या केसांच्या मॅडम, दोन बाजूंना दोन सर. मॅडमनी माझे कागद बाजूला सारले आणि म्हणाल्या, "तू एकदा कॉलेज मधेच सोडलंस. इथेही एखाद्या दिवशी राग आला तर?" पप्पा, कानशिलं तापली. उठून जावं असंच वाटलं. पण खुर्ची जड होती, शिसवीची असावी, मागे सरकेचना. त्या एका क्षणात तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, "मॅडम, मराठीत बोलू?" त्या म्हणाल्या, "बोल की." मी सेटचं सांगितलं. हॉटेलचं कॉलेज कसं होतं, चौकटी फाडायच्या नसतात, खोलायच्या असतात, हे मला माराशिवाय शिकवलं गेलं होतं आणि तरी मी विसरलो होतो. मॅडम पुढे झुकल्या. "मग कुठली चौकट ठेवायची आणि कुठली भंगारात द्यायची, हे कोण ठरवायचं?" मी म्हटलं, "नाही माहीत."

आणि मग जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतंत. डावीकडचे सर म्हणाले, "ठेवायच्या तर जागेचं भाडं लागतं, गोरेगावात जागा काय फुकट आहे?" उजवीकडचे म्हणाले, "अहो पण एक चौकट पाच सिनेमांत वापरली तर?" मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दोघं लाकडाचाच हिशेब करताय. न फाडता खोलणारा हात तयार व्हायला वर्षं लागतात, तो कुठल्या रकान्यात घालणार?" डावीकडचे सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "तोच तर माझा मुद्दा आहे!" "तुमचा कधीपासून?" अशी जुंपली की मी तिथे आहे हे तिघं विसरले. आमच्याकडे आवाज चढला की पुढे हातच उठतो, मला दुसरं माहीतच नव्हतं. इथे तीन पांढऱ्या केसांची माणसं भांडत होती आणि प्रत्येकाच्या तोंडावर हसू होतं. कशावरून? तुमच्या चौकटींवरून! मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, देवळात बसतात तसा. माझ्या मनात एवढंच होतं की मला इथे बसू द्या. मला काही येत नसलं तरी चालेल, मला हे ऐकू द्या.

यादीत नाव आलं. गोदामातच कळलं, हातात चिकटपट्टी होती. त्याच आठवड्यात शेठनी केबिनमध्ये बोलावलं. "मरोळचं गोदाम तू बघ. सुपरवायझर, पर्मनंट. पण पूर्ण दिवस, कॉलेज-बिलेज नाही." तिच्या घरी मुलं बघायला सुरुवात झालीय, पप्पा. पक्की नोकरी असेल तर मी मुलुंडला जाऊन तिच्या वडिलांसमोर बसू शकतो. कॉलेज पूर्ण वेळेचं आहे, तिथे गेलो तर पुढची काही वर्षं मी कोणीच नाही. आई म्हणाली, "हाताक इला ता सोडू नको." मी एका झटक्यात ठरवूनच टाकलं, सीट सोडायची. तिला फोन केला. मला वाटलं, रडेल, खूश होईल, काहीतरी होईल.

ती म्हणाली, "परत हिरोगिरी?"

"अगं, तुझ्यासाठीच ना."

"माझ्या नावावर काही सोडू नकोस. एकदा सोडलंस ते मी डिग्री होईपर्यंत त्या वर्गात भरलंय."

"मग थांबशील माझ्यासाठी?"

मागे तिच्या ऑफिसातला प्रिंटर चालू होता. मग म्हणाली, "मी थांबेन असं वचन देणार नाही रे. घरचं तुला माहितीय. पण तू गेला नाहीस तर मी नक्की थांबणार नाही." आणि फोन ठेवला. मी गोदामाच्या शटरला पाठ लावून उभा राहिलो. एवढं खरं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं, तुमच्यानंतर.

आज सीट पक्की करायचा शेवटचा दिवस. शेठनाही आजच उत्तर हवंय. सकाळपासून मी मोबाईलवर हे तुम्हाला लिहितोय. पाठवायला तुमचा नंबर नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट लिहायची राहिलीय आणि ती कोणालाच कळायला नको. शेठना मघाशी नाही म्हणून सांगितलं. सगळ्यांना सांगितलंय की तिने हट्ट धरला म्हणून चाललोय. तिलाही तेच सांगणार आहे. पण पप्पा, तसं नाहीय. ती माझ्या हातून गेली तर मी काय होईन मला माहीत नाही, तरी मी जातोय. मॅडम आणि सर भांडत होते त्या खोलीत बसायचं मला तिच्यापेक्षा जास्त हवंय. मला वाटायचं, तिच्यापेक्षा जास्त असं जगात काही नाही. आहे, आणि ते कळल्यापासून मला माझीच भीती वाटतेय.

बूट घातले. आई आतून विचारतेय, "खय चललस रे?"

"कॉलेजला," म्हणालो.

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.