लिंबाचा डाग

मंगळवार, मरोळ

बायकोच्या, सुनंदाच्या चष्म्यावर वाफ धरू नये म्हणून मी काचेवर धन आणि ऋण विद्युतभाराच्या पॉलिमरचे पातळ थर आलटून-पालटून चढवले. सगळं स्वतः शिकून. आज ती लिंबू पिळताना थेंब उडाला आणि काच तिथे पांढरी पडली.

"वाट लावलीस!" मी ओरडलो.

"मग लिंबू तुम्हाला विचारून पिळू का, शास्त्रज्ञ?" असं म्हणत तिने चष्मा वाटीभर पाण्यात टाकला.

आम्लाने थरांची पकड सैल होते, बारीक छिद्रं पडतात, हे मला पाठ. पण साध्या पाण्यात ती पुन्हा मिटतील, हे का नाही सुचलं? थोड्या वेळाने डाग गेला. मी ओरडलो ते मात्र राहिलं.

जेवताना माझ्या ताटात लिंबाची फोड नव्हती. मागायची हिंमत झाली नाही.