रविवारची पंगत

९ जून, हैदराबाद
पिंजरे धुऊन हात फाटले. उंदरांचे दोन रॅक. डावीकडच्या बाटल्यांत हिरव्या चहाचा अर्क, उजवीकडे साधं पाणी. तुपकट खाणं दोघांना सारखंच. पाट्या मीच लिहिल्या, हि.च. अन् सा.पा. आठवीची शाळा तेवढी कामी आली.
दिवसभर मराठी कोणी बोललं नाही. उंदरांशीच बोलतो.

११ जून
लॅबच्या मॅडमला विचारलं, हे कायले? म्हणाल्या, अंगात चरबीच्या कच्च्या पेशी असतात, पिकल्या की चरबी साठवतात. अर्क त्यांना पिकू देत नाही का, ते बघायचं. समजलं. लोंबीत दूध भरलं नाही तर धान पोचट राहते, तसं.
"इन्सान का अभी पक्का नहीं." हे अर्धंच ऐकलं. माय डोळ्यापुढं. अंगानं वाढली, गुडघे गेले, मागच्या साली चिखलात वाकून धान लावायचा रोवणा सुटला तिचा.
हिरव्या चहाची पाच पाकिटं गावाला पाठवली.

१७ जून
मायचा फोन. "जहर आहे रे बाबू. दूध टाकू?"
नको.
"साखर?"
नको.
"मंग याले चहा काऊन म्हणतेस?"
हसलो. फोन ठेवल्यावर खोली जास्तच रिकामी.

२२ जून, रविवार
लॅबमध्ये मी एकटा. सा.पा.वाले जाळीला नाक लावून बघून राहिले होते. माय म्हणते, पंगतीत दुजाभाव करू नये, पाप लागते. एका छपराखाली एकाला एक, दुसऱ्याला दुसरं? उरलेला अर्क त्यांच्याही बाटल्यांत ओतला. मग तिथंच डबा उघडला. लय दिवसांनी कोणासोबत जेवलो.

२९ जून, रविवार
आजही वाटला.

१८ जुलै
मॅडम वजनं बघून कपाळ धरून बसल्या. दोन्ही रॅकांत फरकच दिसत नाही म्हणे, चहाचा गुण नाही असं लिहावं लागेल. फरक कायले पाहिजे, विचारलं. साधं पाणी पिणाऱ्यांशी ताडूनच तर गुण कळतो, म्हणाल्या.
बोटांवर मोजले. चार रविवार. सांगितलं तर नोकरी जाईल.
"चेहरा उतर गया तेरा, घर हो आ." रागावल्या असत्या तर बरं होतं.

२४ जुलै, गाव
कोहमाऱ्याला उतरून थेट वावरात. बाया बांधीतल्या चिखलात धान रोवून राहिल्या, माय कडेच्या धुऱ्यावर बसून. शेजारची काकू ओरडली, "पाटलीणबाई बसली व!" माय हसली, "बसू दे, कोणी देखरेख कराले पाहिजे का नाही?" पण हात गवत उपटत होता.
बाजूला पाण्याच्या बाटलीत हिरवा चहा.
"रोज पेऊन राहिली बापा. खरंच अंग उतरते का याच्यानं? तू तं तिथंच राहतेस."
मीही गवत उपटायला बसलो. जिथं कळणार होतं, तिथं मीच...

२५ जुलै
सकाळी पुन्हा विचारलं तिनं. धुऱ्यावर रेंज येते. मॅडमला फोन लावला. कबुलीचं पहिलं वाक्य हिंदीत जमवून ठेवलं होतं. रिंग पूर्ण गेली, उचलला नाही.
"कोणाले लावून राहिला?"
"मॅडमले."
"मंग विचार ना तिले, अजून किती दिवस पेऊ."
परत लावतो.