फ्लेक्सवरचा माझा फोटो

१२ मे
परिचारिका दिन. वॉर्डात केक, मेणबत्त्या, साहेबांचं तेच भाषण. ड्यूटी संपल्यावर सगळ्या लगबगीने घरी गेल्या. मला घाई नव्हती.
संध्याकाळी रेणुका आली, रोजच्यासारखी. क्वार्टरमागच्या माळावर तिच्या आबांची मेंढरं असतात. बारावी आर्ट्स झाली, आता फाट्यावरच्या इन्स्टिट्यूटमध्ये नर्सिंग डिप्लोमा करते. माझ्या मनगटावर नाडी मोजायची प्रॅक्टिस.
"मावशी, हलू नका. मोजणं चुकून राहिलं."
"मेंढराची नाडी कुठं बघतेस?"
"मांडीत. ते तरी गप उभं राहतंय."
गावभर मी सिस्टर. मावशी म्हणणारी ही एकटी.
जाताना म्हणाली, "पुढच्या महिन्यात सर्टिफिकेट. मंग मी बी तुमच्यावानी स्टाफ नर्स."
एका वर्षात? मला जीएनएमच्या डिप्लोमाला तीन वर्षं लागली, नंतर पोस्ट बेसिक पदवीची दोन. विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

१४ मे
नर्सिंग कौन्सिलच्या मान्य संस्थांच्या यादीत इन्स्टिट्यूटचं नाव नाही. स्पेलिंग बदलून तीनदा पाहिलं. संचालकांना फोन केला.
"मॅडम, आपली संस्था रजिस्टर आहे. बोर्डावरच लिहिलंय."
संस्था रजिस्टर आहे. कोर्स नाही. म्हणजे या मुलींना नर्स म्हणून नोंदणी क्रमांक मिळणार नाही. तो नसेल तर सरकारी भरती नाही, चांगल्या दवाखान्यात नर्स म्हणून उभं करणार नाहीत.
हा 'रजिस्टर' शब्द मीही वाचला होता. गेल्या वर्षी, परिचारिका दिनाला. त्यांनीच प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं. दीप लावला, शाल घेतली, नारळाची चटणी केली. रजिस्टर म्हणजे काय रजिस्टर, एवढं विचारणं सुचलं नाही. कुणी बोलावत नाही, बोलावलं याचाच आनंद.

१५ मे
रेणुकाला सहज विचारलं, हीच इन्स्टिट्यूट का निवडली.
"तुमचा फोटू होता की फ्लेक्सवर! आबा म्हनले, सिस्टर हायत म्हंजे बराबर आसंल."
मी चहा गाळत होते. गाळतच राहिले.

१९ मे
आज सांगायचं ठरवलं होतं. तिने येताना ज्वारीची भाकर, ठेचा आणला. मग बेड कसा करायचा ते शिकवलं. चादरीचा कोपरा तिने माझ्यापेक्षा नीट मोडला. हात चांगला आहे तिचा.
नाही सांगितलं. परीक्षा तोंडावर आहे, असं स्वतःला सांगितलं. कसली परीक्षा.

२३ मे
दोन दिवस आली नाही. लग्नाला गेलीय म्हणे डोंगरकड्याला. कुकर उघडला तर भात दोघींचा.
आई गेल्यापासून या घरात दुसरं ताट नव्हतं. मी गप्प आहे ते तिच्या काळजीने, की माझ्या संध्याकाळींसाठी? उत्तर येतं. लिहवत नाही.

२५ मे
सांगितलं.
आधी हसली. मग म्हणाली, "तुमाला कवापसून ठाऊक?"
"चौदा तारखेपासून."
बोटांवर मोजलं तिने. नाडी मोजताना चुकते, इथं चुकली नाही. "अकरा दिस. आन मी येऊन राहिले, तुमी शिकवून राहिल्या. काहून?"
उत्तराची वाट न बघता उठली.
वही विसरून गेली.

२८ मे
आबा आले. उंबऱ्याबाहेरच बसले, आत या म्हटलं तरी.
"सिस्टर, आमच्या मेंढराच्या कानाला काप असतोय. कुनाचं हाय ते त्याच्यावरून कळतंय. पोरीला तसला काप न्हाई म्हना."
"नाही."
"मंग कुटं घालतेत तो?"
जीएनएम सांगितलं. बारावी आर्ट्सला चालतं. प्रवेशपरीक्षा द्यावी लागेल. यंदाची झाली, आता पुढच्या वर्षीची. मग तीन वर्षं. लवकर हवं तर एएनएम, उपकेंद्रातल्या नर्सचं, दोन वर्षांचं.
"म्हंजे झालेलं वरीस?"
"गेलं."
आबांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "फोटू काढायच्या आदी तुमी इचारलं असतं तर."
ओरडले असते तर बरं झालं असतं.

१ जून
इन्स्टिट्यूटला लेखी दिलं: माझा फोटो काढा, मुलींना खरं सांगा. संचालक म्हणाले, "फ्लेक्स कधीच उतरवला मॅडम. कुणीतरी मागून नेला." मुलींबद्दल बोलले नाहीत. उद्या कौन्सिलला पत्र. सही करताना लिहिणार आहे की पाहुणी मीच होते.

५ जून
माळावर गेले. तिची वही आणि, प्रवेशपरीक्षेत इंग्रजी असतं म्हणून, माझं जुनं इंग्रजी व्याकरण घेऊन. बांबूंवर फ्लेक्स ताणलेला, खाली सावलीत कोकरं. फ्लेक्सवर मी. अंगावर शाल, हातात नारळ, हसतेय.
रेणुका एका कोकराला औषध पाजत होती. जबडा बोटाने उघडून, सावकाश, ठसका न लागू देता. असं शिकवून येत नाही.
"बसा, सिस्टर."
सिस्टर.
बसले. आबांनी चहा दिला. बाजेवर पुस्तक ठेवलं. ती त्याच्याकडे पाहिना. निघाले तेव्हा पाठमोरीच बोलली, "त्या परीक्षेचे जुने पेपर भेटतेत का?"
"मिळतील. येशील न्यायला?"
कोकराचं तोंड पुसत राहिली.

९ जून
नांदेडहून पेपर आणले. दारालगतच्या खुर्चीवर ठेवलेत, बाहेरून दिसतील असे. दार अर्धवटच लोटलेलं आहे, कडी नाही.
तांदूळ एकीचेच घेतले. मग अर्धी वाटी अजून घातली.