एमेशेची पाठ

३ मार्च
आज पुन्हा! एमेशेचा डावा खांदा. वल्हं पाण्यातून वर काढताना क्षणभर खाली जातो, मग ती मानेला झटका देऊन सावरते. काठावरून कुणाला दिसणार नाही. मी तिच्यामागे बसते — सात वर्षं तिची पाठच बघत आलेय. मला दिसणारच.
विचारलं काही नाही.

९ मार्च
तिसा नदीवर बोचरा वारा. बोटं बधिर. लोरिंत्सकाका मोटरबोटीतून ओरडत होते, "रेका, झोपलीस का मागे? एमेशे एकटीच ओढतेय!"
उलट आहे, काका! अर्ध्याहून जास्त होडी मी ओढतेय. पण गप्प बसले. खांद्याचं कळलं तर प्रशिक्षक म्हणून ते तिला आधी बाहेर काढतील आणि जोडी मोडेल. मे महिन्यात सेगेदला निवडीची शर्यत. पहिली येईल ती जोडी ऑलिंपिकला. गेल्या वेळी थोडक्यात हुकलं. मी एकोणतीस वर्षांची आहे, आता नव्या मुलीबरोबर ताल कधी जुळवणार?

२२ मार्च
सराव नाही. एमेशेला ताप म्हणे. काकाही आले नाहीत. त्यांच्या बायकोला बरं नाही, असं क्लबवर कळलं. एकटीच वल्हवून आले.

१४ एप्रिल
एमेशेच्या घरी जेवायला. तिच्या आईचं मासळीचं लालभडक सूप. आईनं तिला पातेलं टेबलावर आणायला सांगितलं. हिनं एकाच हातानं पातेल्याचा कान धरला. "दोन्ही हातांनी धर की, सांडशील!" आई म्हणाली. एमेशे हसली. मी उठून दुसरा कान धरला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.
राग आलाय मला. सात वर्षं एका होडीत बसतो आणि ही मला सांगत नाही! पण मी तरी कुठे विचारते? विचारलं तर ती खरं सांगेल. मग ते ऐकून गप्प कसं बसायचं?

१० मे
सेगेद. उद्या शर्यत. खसखशीच्या शेवया कशाबशा गिळल्या.

११ मे
जिंकलो. आणि सगळं गेलं.
होडी धक्क्याला लावली तशी क्लबच्या मुलांनी घेरलं. जिंकलेल्याला कपड्यांसकट पाण्यात फेकायचं, त्यातून कुणी सुटत नाही. मला आधी फेकलं. वर येऊन डोळे पुसते तर चौघांनी एमेशेचे हातपाय धरलेले. झोके देत होते. "नको रे, सोडा मला!" ती म्हणत होती. असं सगळेच म्हणतात. कुणी ऐकत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.
"तिचा खांदा!" एवढंच ओरडायचं होतं. पण काका तिथेच उभे होते आणि निवड जाहीर व्हायची होती. तोंड उघडलं — आणि मिटलं.
डावा हात धरलेल्या मुलानं सोडायला जरा उशीर केला.
वर आली तेव्हा ती किंचाळत होती. अजून ऐकू येतंय.

१३ मे
शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, वल्हं आता विसरायचं. आमच्या जागी दुसरी जोडी जाणार. तिची आई माझ्या गळ्यात पडून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ मे
इस्पितळाच्या जिन्यात काका बसले होते. दाढी वाढलेली. मला शेजारी बसवलं.
"मार्चमध्ये मीच तिला डॉक्टरकडे नेलं होतं," म्हणाले. "तुला कळलं तर तू दुसरी जोडीदार मागशील, म्हणून आम्ही दोघांनी लपवलं. त्या दिवशी धक्क्यावर मी 'थांबा' म्हणणार होतो, पोरी. तू बघत होतीस, म्हणून गप्प राहिलो. माफ कर मला."
मी म्हणाले, मला काहीच माहीत नव्हतं.