निम्म्या घराची किंमत

ता. ३ मार्च

ती. मामास,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कारण गेले पंधरा दिवस मी नुसती धुमसते आहे आणि रागाने लिहिलेलं माझं पत्र तू लाल शाईने तपासून परत पाठवतोस. तरी लिहिते. आईसाठी पाहिलेलं तळमजल्याचं घर हातचं जायची वेळ आली आहे.

आमचा चौथा मजला तुला ठाऊक आहे. लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे असे, की आठ महिन्यांत ती एकदाही खाली उतरलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी जिना कायमचा बंद सांगितला आहे. नव्या घरात दार उघडलं की थेट रस्त्यावर पाऊल, एवढंच मी तिला सांगितलं, तर तिने माळ्यावरून बाहेरच्या चपला काढायला लावल्या, धुतल्या आणि दाराशी मांडून ठेवल्या. रोज त्यांच्यावरची धूळ झटकते.

आणि पंधरा दिवसांपूर्वी बँकेचा किंमत ठरवणारा माणूस आला. अकरा मिनिटं होता, त्यातली चार शिंकण्यात गेली. त्याने लिहिलेली किंमत मालकाच्या मागणीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. बँक कर्ज देणार ते या आकड्यावर, म्हणजे वरचे पैसे आम्ही उभे करायचे. ह्यांच्या बसच्या नोकरीत आणि माझ्या चष्म्याच्या दुकानात ते कुठून येणार? मालक एक पैसा सोडत नाही. आम्ही त्याला साखरतोंड्या म्हणतो. आपल्या हाताने मागणीचा कागद लिहून देताना म्हणाला, की तुमच्या आईकडे बघूनच देतोय, आईबहिणींसाठी मी फार हळवा आहे.

दलाल तर दुकानातच आला. मी काचा घासत होते. करंगळीच्या लांब नखाने दात कोरत त्याने मला समजावलं, की बँकेला कमी किंमत दाखवा, उरलेले गुपचूप हातात द्या, सगळं जग असंच करतं. मग तेच नख त्याने काउंटरला पुसलं. मी काउंटर तीनदा धुतला, तरी मला त्यावर हात ठेववेना. मामा, किळस आली रे. तू उभा जन्म बँकांसाठी घरांच्या किमती ठरवल्यास. हे काय गौडबंगाल आहे ते सांग.

माया आहेच तुझी. या कडू पत्राने ती नासू देऊ नकोस.

तुझी,
लवंगी


ता. ९ मार्च

चि. लवंगीस,
अनेक आशीर्वाद.

लाल शाई वाळून गेली आहे, म्हणून वाचलीस. एवढ्या रागात ‘किळस’ एकदाच लिहिलीस, एवढीच चूक.

अकरा मिनिटं म्हणजे तो बिचारा प्रामाणिक निघाला. मी सातात उरकत असे. अगं, घर बघून किंमत ठरतच नाही. त्या गल्लीत शेवटची कोणती खरेदी कागदावर नोंदली गेली, ते आधी पाहायचं, मग घरात शिरून भिंतीला दोन टिचक्या मारायच्या. किंमत इतकी खाली आली, त्याअर्थी अलीकडे तिथे कुणीतरी मातीमोल भावात व्यवहार केलेला आहे. नोंदणी कचेरीत जा, नक्कल माग. तो सडका कागद सापडला की साखरतोंड्याला दाखव. मुकाट खाली येईल. दलालाला मात्र उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस.

अक्काला सांग, रोज संध्याकाळी आपल्या घराच्या ओट्यावर बसतो तेव्हा तिची आठवण निघते. लहानपणी त्या तीन पायऱ्यांवरून ती एका उडीत रस्त्यावर जायची.

तुझ्यावर जीव आहे, रागावरही.

तुझा,
मामा


ता. १७ मार्च

ती. मामास,
शिरसाष्टांग नमस्कार.

सापडला कागद. शेजारच्या घराचा नाही, त्याच घराचा! ते घर बापाने साखरतोंड्याला आणि त्याच्या बहिणीला निम्मं निम्मं ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्याने बहिणीचा निम्मा हिस्सा विकत घेतला, तो आज पूर्ण घराचे मागतोय त्याच्या पाव किमतीपेक्षाही कमी पैशांत. आता तोच आकडा त्याच्या पायात आला आहे.

मी बहिणीला जाऊन भेटले. मागच्या गल्लीत एका खोलीत कपड्यांना इस्त्री करते. भावाने तिला सांगितलं होतं, की घराला वाळवी लागली आहे, कुणी फुकट घेणार नाही. मामा, मी त्या घरातला लाकडाचा तुकडा न् तुकडा ठोकून पाहिला आहे. वाळवीचं नाव नाही. तिने मला बसायला इस्त्रीचं टेबल रिकामं करून दिलं आणि विचारलं, की परसातला नळ अजून गळतो का.

तिथून मी तडक साखरतोंड्याकडे गेले. बहिणीचं नाव काढताच त्याने कपाळ पुसलं आणि बँकेच्या किमतीत घर द्यायला कबूल झाला. म्हणाला, घरातल्या गोष्टी घरातच राहिलेल्या बऱ्या. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट त्याने हातात घेतलेला हात मी घरी येऊन साबणाने धुतला. त्याने बहिणीला लुबाडलं, म्हणून मला घर स्वस्त.

हे म्हणतात, आपण काही चोरलेलं नाही. आईला सगळं सांगितलं, तर तिने एकदम विचारलं, हे कुणी शोधायला सांगितलं. तुझं नाव सांगितलं. ती उठली, घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली आणि म्हणाली, त्या घरात मी पाऊल टाकणार नाही. कारण सांगत नाही. चपला तिने पुन्हा माळ्यावर टाकायला लावल्या. सोमवारी सही करायची आहे. तू तिला दोन शब्द लिही, तुझं ती कधी मोडत नाही.

उत्तराची वाट पाहते. रागावला असलास तरी लिही.

तुझी,
लवंगी


ता. २२ मार्च

चि. लवंगीस,
अनेक आशीर्वाद.

सही करू नकोस. हे पत्र सोमवारच्या आत पोचावं म्हणून माणसाबरोबर पाठवतो आहे.

अक्का का उठली ते मला कळलं. ज्या घराच्या ओट्यावर मी बसतो, ते निम्मं तिचं होतं. तू तेव्हा शाळेत होतीस. तुझे बाबा गेले होते, तिला पैशांची नड होती, आणि मी तिचा हिस्सा विकत घेतला. किंमत ठरवायला बाहेरचा माणूस कशाला, मी घरातच होतो ना. भिंतीला ओल आहे, पाया खचतोय, असं मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. ओल कुठेही नव्हती. घर अजून ठणठणीत उभं आहे. सहीच्या दिवशी अक्का म्हणाली, चष्मा घरी राहिला, सही कुठे करू ते दाखव. तिने आकडा वाचला नाही, म्हणून मला हायसं वाटलं होतं. आणि मी तुला ऐटीत सांगतो, सडका कागद शोध!

तुझं पत्र वाचल्यापासून मला आरशात साखरतोंड्या दिसतो. स्वतःचीच शिसारी येते. ओट्यालगतच्या दोन खोल्या मी रिकाम्या करतो आहे. निम्मं घर पुन्हा अक्काच्या नावावर करायचं, त्याचे कागद वकिलाकडे दिले आहेत. त्या इस्त्रीवाल्या बाईंना साखरतोंड्याच्या हातचा मागणीचा कागद नेऊन दे. ज्या घराला वाळवी लागली म्हणत होता, त्याचे तो आज किती मागतोय, ते त्यांना एखाद्या वकिलाला दाखवू दे.

अक्काला हे सांगायचं धैर्य मला नाही. तू वाचून दाखव. माया उरली असली तर ठेव. मागायचं तोंड मला नाही.

मामा


ता. २७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

लवंगीने पत्र वाचून दाखवायची गरज पडली नाही, मीच वाचलं. ती मागणीचा कागद घेऊन इस्त्रीवालीकडे गेली आहे. ते तळमजल्याचं घर घ्यायचं सोडून दिलं आम्ही.

चष्मा त्या दिवशी माझ्या पिशवीत होता. तू टेबलावर कागद पसरत होतास तेव्हाच मी आकडा वाचला. मी वाचलाय हे तुला कळलं असतं, तर पुन्हा माझ्यासमोर तुला मान वर करता आली नसती, आणि मला भाऊ एकच होता. म्हणून चष्मा घरी राहिला असं म्हटलं. पण तुझी किळस आली होती मला. इतकी वर्षं तुझ्या प्रत्येक पत्रात ओटा यायचा आणि दर वेळी यायची. अजून गेलेली नाही, खोटं कशाला बोलू.

तरी येते मी. चपला खाली काढल्या आहेत. चौघेजण मला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवणार आहेत. त्या तीन पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून घे, आता उडी जमायची नाही. माप मात्र लोहाराला घेऊ दे, तू घेऊ नकोस.

अक्का