सरांचा फळा

३ ऑगस्ट
पोचले एकदाची! खोली लहान आहे. दोन खाटा, दोन टेबलं आणि एक खिडकी, जी उघडते पण बंद होत नाही. रूममेट माझ्याआधी येऊन खिडकीकडची खाट बळकावून बसली होती. इतका जाड चष्मा की मी मनातल्या मनात तिचं नाव चष्मिस ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत तोंडावरही म्हणायला लागले. तिला चाललं. बाबांनी स्वतः शिवलेला पांढरा एप्रन आरशासमोर चार वेळा घालून पाहिला. बाह्या दोन बोटं लांब आहेत. बाबा म्हणाले, अजून वाढशील. अठराव्या वर्षी कोण वाढतं! आईचं म्हणणं, फोनवर तू धड काही सांगत नाहीस, निदान लिहीत जा. म्हणून ही वही.

६ ऑगस्ट
आज डिसेक्शन हॉल. आठ स्टीलची टेबलं, आठ झाकलेले देह. फॉर्मलिनच्या वासाने डोळ्यांतून नुसतं पाणी. आमच्या बॅचला चार नंबरचं टेबल मिळालं. हॉल सांभाळणारे म्हातारे मामा (सगळे त्यांना मामाच म्हणतात) प्रत्येक टेबलाजवळ येऊन हळू हात लावा म्हणून सांगत होते. आमच्या देहाचा चेहरा त्यांनी कापडाने घट्ट गुंडाळलाय. मोठे सर सडपातळ, इस्त्रीतले, आवाज कधीच न चढवणारे. त्यांनी आम्हाला देहासमोर मान झुकवायला लावली. मला फार बरं वाटलं. दुपारी डाव्या दंडाची कातडी सोलून बाजूला दुमडली. माझे हात थरथरले नाहीत, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

१९ ऑगस्ट
पाठ होत नाहीये. एका हातात एवढी नावं असतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. नर्व्ह कुठून निघते ते लक्षात राहिलं, तर ती जाते कुठे ते उडतं. बारावीला मी वर्गात दुसरी होते; इथे पुस्तक मिटलं की डोकं कोरं. आज चाचणीचे निकाल लागले. सर शेवटून वाचायला सुरुवात करतात. पहिलं नाव माझं. चाळीसपैकी सहा. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. सर थांबून राहिले, सगळ्यांचं हसून होईपर्यंत.

२१ ऑगस्ट
सरांनी बोलावून घेतलं. त्यांची एक पद्धत आहे म्हणे: वर्गात जो सर्वांत मागे, त्याच्या अंगावर ते शिरा आणि नर्व्हा आखून दाखवतात. मेलेल्या देहावर सगळं कळत नाही, जिवंत कातडी लागते. मी टेबलावर बसले, बाही वर केली. सरांनी काखेपासून कोपरापर्यंत निळ्या पेनाने एक रेघ ओढली आणि तिच्यावर बोट ठेवायला सांगितलं. बरोबर तिथेच ठोका लागला! पहिल्यांदा काहीतरी डोक्यात शिरलं. बाबांना लगेच फोन केला. तेही खूश झाले. म्हणाले, आमच्याकडेसुद्धा खुणा केल्याशिवाय कापड कापत नाहीत.

२७ ऑगस्ट
रेघा जात नाहीत. साबण झाला, स्पिरिट झालं. चष्मिसने घासून घासून दंड लाल केला, निळं तसंच. दुसऱ्या चाचणीत सगळ्या वर्गाचे मार्क वाढले, माझे सहाचे पाच झाले. साहजिकच आहे, सगळे माझ्यावर वाचतात; मला माझा स्वतःचा खांदा मागून कसा दिसणार? पुन्हा मीच. आज पाठ आखली. आता मला फळा म्हणतात. मेसच्या रांगेत एकाने न विचारता माझी बाही वर सरकवली, उजळणी केली आणि पुन्हा नीट खाली केली. दुसऱ्या हातात त्याचं ताट होतं.

२ सप्टेंबर
सकाळी डाव्या हातावर उकळता चहा सांडला. मला कळलंच नाही. चष्मिस ओरडली तेव्हा खाली पाहिलं. मोठा फोड आला. सरांना सांगितलं, वाटलं घाबरतील. ते खूश झाले. सगळ्या वर्गाला जवळ बोलावून त्यांनी रेघेच्या कडेने टाचणी टोचत नेली आणि कुठे कळतंय, कुठे नाही, ते मला सांगायला लावलं. हद्द किती स्वच्छ आलीये बघा, म्हणाले. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. दुखतंय का, हे कुणी विचारलं नाही. दुखत नव्हतंच म्हणा.

४ सप्टेंबर
सरांना स्पष्ट सांगितलं, मला नको हे. ते शांतपणे म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या चाचणीत तुझ्याखाली कुणी गेलं, तर पेन तिकडे जाईल.
चष्मिसचे डोळे फॉर्मलिनने सुजलेत. तिला पुस्तक मी वाचून दाखवते. आज दोन नर्व्हांची नावं उलटसुलट वाचली. मग आणखी चार. ती मान डोलवत राहिली. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

९ सप्टेंबर
चष्मिस पहिली. मी शेवटची.
तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. तरी ऐकत बसली. म्हणाली, चूक ऐकली की बरोबर काय ते पक्कं होतं. रागावलीसुद्धा नाही. आज छाती आणि पोट आखलं. पेन धरायला सरांनी तिलाच बोलावलं. तिची रेघ सरांपेक्षा सरळ आहे.

१० सप्टेंबर
डावा हात उचलत नाही. फोनवर बाबांना म्हटलं, मला घेऊन जा. त्यांनी आधी सरांना विचारलं. सर म्हणाले, पहिल्या सहामाहीत सगळेच घाबरतात. बाबा म्हणतात, थोडं सोस, आपल्या घरातली पहिली डॉक्टर होशील.

११ सप्टेंबर
आज पाय आखले. बाकीचे गेल्यावर मामांनी मला थांबवलं. चार नंबरचं कापड बाजूला केलं. आम्ही दुमडून ठेवलेली दंडाची कातडी त्यांनी उलगडून पुन्हा जागेवर बसवली. बाहेरच्या बाजूने, फॉर्मलिनने तपकिरी झालेल्या कातडीवर — काखेपासून कोपरापर्यंत — निळी रेघ. आम्ही ती फॉर्मलिनचा डाग समजलो होतो.
मामा म्हणाले, "मागच्या वर्षीची पोर. तिलाही पाठ होत नव्हतं."
मी विचारलं, तुम्ही कुणाला सांगितलं नाही? ते म्हणाले, सांगितलं होतं. मोठ्या सरांनाच.

१२ सप्टेंबर
पळायला हवं होतं. काल. काल पाय होते. आज खाटेवरून उतरले आणि खाली — गुडघे कुठे आहेत ते पाहूनच कळतं.
चष्मिसने उचलून वर ठेवलं. फोन तिच्या टेबलावर. चार पावलं. मागितला तर म्हणाली, आधी उजळणी. पांघरूण काढलं —
बाबा रविवारी येतो म्हणालेत. रविवार परवा.

१३ सप्टेंबर
ट्रॉलीवरून आणलं. चार नंबर धुऊन रिकामं केलंय. स्टील गार असायला हवं. नाही लागत.
मामा दिसत नाहीत.
वही सरांनीच उजव्या हाताशी ठेवली. आतून काय काय जाणवतं ते लिही, म्हणाले, बॅचला कामाला येईल. उजवा हात शेवटी.
चष्मिसच्या हातात सुरी. पहिल्या नंबरला मान. तिने चष्मा पुसला.
सर सगळ्यांना म्हणाले, "हिला काही विचारू नका. हिच्यावर वाचा."
कापलं. कळलं नाही. आवाज ऐकला फक्त.
चष्मिस अडली. दोन नर्व्हा शेजारी शेजारी. मला येतं ते. सगळं येतंय आता, सगळी नावं, एकही चुकत नाही — सांगतेय — कुणी माझ्याकडे बघतच —
उजवा खांदा. पेन लागलं. गुदगुल्या.
कोपर. गेलं.
सर, हा हात राहू द्या, मला पाठ झालंय, विचारून बघा, एक तरी प्रश्न —
मनगट
अंगठ्याकडे वळल